विम्याबाहेर राहिलेले लॅटिनो

अमेरिकेतील आरोग्य विम्यावरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. २०१० च्या आरोग्य विमा कायद्याने (‘ओबामाकेअर’) विम्याविना राहणाऱ्यांचा प्रश्न बहुतांशी सुटला, हे त्यातले म्हणणे पटत नाही. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, समाजाला त्याचा मोठा लाभ झाला, हे खरेच. पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेचा कायद्यात ठरलेला विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला आणि लाखो लॅटिनोंच्या टेक्सासने तो आजवर केलेला नाही. कागदपत्रे नसलेल्या मजुरांना तर सरकारी विमा बाजारपेठेत पदरचे पूर्ण पैसे मोजूनही पॉलिसी मिळत नाही. शेतात, बांधकामावर राबणाऱ्यांवर हा उघड अन्याय आहे. अमेरिकेत जन्मलेले त्यांचे मूल मेडिकेडला पात्र असले, तरी माहिती इमिग्रेशन खात्याकडे जाईल या धास्तीने कित्येक आया त्याचा अर्ज भरायलाही कचरतात.

– एक वाचक, ठाणे