टोयोटा शहरातील मार्गदर्शक ताईंना एका विणकराच्या मुलीचे आभारपत्र

आदरणीय मार्गदर्शक ताई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

टोयोटा कंपनीच्या 'टोयोटा कैकान' या प्रदर्शन-दालनातून कारखाना पाहायला येणाऱ्या इतक्या पाहुण्यांमधून आम्ही दोघे आपल्या लक्षात असू, अशी माझी अपेक्षा नाही. तरीही खूण सांगते. 2019 सालच्या नोव्हेंबरात, इंग्रजीतून माहिती दिली जाणाऱ्या गटात, पांढरा लेंगा, त्यावर जावयाचे जाड जाकीट आणि डोक्यावर गांधी टोपी अशा वेशातील एक वृद्ध गृहस्थ होते. कानाला लावण्यासाठी दिलेले यंत्र त्यांनी हातातच धरून ठेवले होते. ते माझे वडील, आप्पा. मी नागोयात नोकरी करते आणि जपानी बोलते, त्यामुळे त्या दिवशी निघताना आपले आभार मी रीतसर मानले होते; परंतु आपण आप्पांसाठी काय केलेत हे मला त्यानंतर हळूहळू उमगत गेले, आणि ते त्या दोन वाक्यांत मावणारे नव्हते. हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण असे, की ते आमच्या इचलकरंजीतल्या माणसांनीही वाचावे अशी आप्पांची इच्छा आहे. आपल्यासाठी जपानी अनुवाद सोबत जोडला आहे.

आप्पांनी इचलकरंजीत 38 वर्षे यंत्रमाग चालवले. आमच्या गावात विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे गल्लोगल्ली माग झाले. घराच्या भिंतीपलीकडे रात्रंदिवस खटखट चालू असणे म्हणजे सगळे ठीक आहे, आणि ती थांबली की वीज गेली किंवा संप झाला, अशी आमची लहानपणची समजूत होती. एका कामगाराकडे साधारणपणे चार माग असतात. बाजूला कांड्यांवर सूत गुंडाळणारे कांडीवाले, उभे धागे वही-फणीतून ओवणारे वहिफणीवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर, कापडाच्या घड्या घालणारे घडीवाले आणि हिशेब ठेवणारे दिवाणजी. मजुरी कापडाच्या मीटरवर आणि त्यातील पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरते. माग थांबला की मजुरी थांबली, हे साधे गणित. त्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही म्हणून माणसे ओठ आणि हात वाचायला शिकतात, आणि निवृत्तीपर्यंत कान निम्मे गेलेले असतात. आप्पांचेही तसेच झाले आहे.

म्हणूनच त्यांना आपल्याकडे घेऊन यावे की नाही याबद्दल मी साशंक होते. ओकाझाकीहून आइची लूप रेल्वेने मिकावा-टोयोटा स्थानकावर उतरून चालत येताना मी त्यांना सांगत होते, की आता आपण मोटारींचा कारखाना पाहणार आहोत; आणि ते मान हलवत होते, मुलीचे मन मोडू नये म्हणून. मोटारीशी त्यांचा संबंध एस.टी. आणि सायकल यांच्या पलीकडे कधी आला नव्हता.

बसने आपण सर्वांना त्सुत्सुमीच्या कारखान्यात नेलेत. वेल्डिंग विभागात यंत्रांचे हात ठिणग्या उडवीत एकाच वेळी खाली येत होते, आणि गटातील सगळे जण कठड्याला रेलून तेच पाहत होते. आप्पा मात्र आपल्याकडे पाहत होते. आपण ते ओळखलेत. मी त्यांच्या कानाशी ओरडून भाषांतर करीत आहे आणि तरी त्यांना काही पोहोचत नाही, हे आपल्या लक्षात आले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक थांब्यावर आपण चार पावले मागे येऊन त्यांच्या अगदी समोर उभ्या राहू लागलात, चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बेताने, आणि बोलण्याबरोबर हातांनीही सांगू लागलात. आपले जपानी-इंग्रजी शब्द त्यांना कळणे शक्य नव्हते. पण कारखान्याच्या आवाजात हातांची भाषा वाचणाऱ्या माणसाशी कोणी तरी पहिल्यांदाच त्याच्या भाषेत बोलत होते. माझे भाषांतर त्यानंतर त्यांना निम्मेच लागले.

जुळणी विभागावरील उंच पुलावर तर आपण जवळजवळ त्यांच्यासाठीच थांबलात. खाली पट्ट्यावरून गाड्या सावकाश सरकत होत्या, एकापाठोपाठ एक वेगवेगळ्या प्रकारच्या, आणि प्रत्येक कामगाराला आपल्या वाट्याचे काम जेमतेम मिनिटभरात उरकायचे होते. वर दिव्यांचा मोठा फलक होता आणि कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली होती. आम्ही पाहत असतानाच एका तरुण कामगाराने ती दोरी ओढली. फलकावर पिवळा दिवा लागला, कुठून तरी एक सूर वाजू लागला, आणि बाजूने त्याचा गटप्रमुख भरभर चालत आला. दोघांनी वाकून दरवाजाच्या आतील एक भाग पाहिला, काही तरी सारखे केले, दोरी पुन्हा ओढली गेली, सूर बंद झाला. गाडी जमिनीवर आखलेल्या ठरावीक रेषेपर्यंत पोहोचेपर्यंत अडचण सुटली नाही तरच पट्टा थांबतो, हे आपण समजावलेत. आप्पांनी ते ऐकून घेतले आणि मला म्हणाले, "ताईंना विचार, पोराची मजुरी किती कापली?"

हा प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचवायला मला संकोच वाटला, हे मी कबूल करते. पाहुणे गाडीचा वेग विचारतात, बॅटरी विचारतात, दिवसाला किती गाड्या बनतात ते विचारतात. परंतु आप्पांना जे विचारायचे होते त्यामागे त्यांची सगळी उमेद खर्ची पडली होती. आमच्याकडच्या साध्या मागावर आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो, पण उभा धागा तुटलेला मागाला कळत नाही. हजारो उभ्या धाग्यांवर माणसाची नजर हवी. चार मागांवर नजर ठेवताना एखादा धागा निसटला की कापडात उभी रेघ जाते, आणि ती रेघ दिवाणजीच्या हातात घडी गेल्यावर दिसते, तेव्हा मजुरी कापली जाते. रेघ वाचवायला माग थांबवावा, तर पीक कमी भरते. आप्पा ज्या कारखान्यात होते तिथे विनाकारण माग बंद ठेवला म्हणून त्यांनी ऐकून घेतलेले शब्द मी लहान असताना दाराआडून ऐकले आहेत. काम थांबवणाऱ्या माणसाकडे कोणी धावत येते ते मदतीला, हे दृश्य त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर त्या पुलावर पहिल्यांदा पाहिले.

आपण हसला नाहीत. घाईने पुढच्या थांब्याकडेही वळला नाहीत. काही कापले जात नाही, दोरी ओढणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे, न ओढता चुकीची वस्तू पुढच्या माणसाकडे जाऊ देणे हे चूक मानतात, असे आपण त्यांना सांगितलेत. मग त्यांनी मागावर काम केल्याचे मी सांगताच आपला चेहरा बदलला. आपण वही काढून एक अक्षर लिहिलेत, आणि त्याच्या शेजारी तेच अक्षर डाव्या अंगाला दोन बारीक रेघा जोडून पुन्हा लिहिलेत. पहिल्याचा अर्थ हालणे. त्या दोन रेघा म्हणजे माणूस. हालण्याला माणूस जोडला की काम करणे असा अर्थ होतो, आणि टोयोटात स्वयंचलन हा शब्द या दुसऱ्या अक्षराने लिहितात. त्याला 'जिदोका' म्हणतात. मी जपानी शिकून बारा वर्षे झाली होती, हे अक्षर शेकडो वेळा लिहिले होते, पण त्याकडे असे पाहिले नव्हते. आप्पांनी तो कागद मागून घेतला. तो आजही आमच्या घरी पंचांगाच्या पानांत आहे.

आणि त्यानंतर आपण ती गोष्ट सांगितलीत, जिच्यासाठी आप्पा आयुष्यभर आपले ऋणी राहतील. या साऱ्याची सुरुवात मोटारीत नसून मागात आहे. साकिची तोयोदा हे 1867 साली एका सुताराच्या घरी जन्मले. त्यांनी 1890 मध्ये लाकडी हातमाग सुधारला, पुढे यंत्रमाग बनवले, आणि 1924 मध्ये 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला, जो वेग न मोडता धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा भाग, बदलत असे आणि धागा तुटताच स्वतः थांबत असे. त्या मागाचे हक्क 1929 साली इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या कंपनीला दिले गेले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मागाच्याच कारखान्यात 1933 मध्ये मोटारींचा विभाग काढला, आणि 1937 साली टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढे दोरी आणि दिव्यांची ही पद्धत घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते ताइइची ओनोदेखील 1932 मध्ये तोयोदांच्या कापड गिरणीतच नोकरीला लागले होते आणि 1943 मध्ये मोटारींकडे आले. मी हे मराठीत सांगत गेले तसतसे आप्पा खालच्या पट्ट्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. "म्हणजे हा मागच आहे," ते म्हणाले. "गाडी म्हणजे धागा."

एक गोष्ट प्रांजळपणे लिहायला हवी. आप्पांनी त्या पुलावरून फक्त कौतुक केले असे नाही. पट्ट्याचा वेग त्यांनी बराच वेळ मोजला आणि "पोरांना पाणी प्यायला तरी फुरसत असते का" असेही विचारले. मिनिटामिनिटाला तेच काम पुन्हा करणे शरीराला काय करते ते त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. आपण तोही प्रश्न टाळला नाहीत. सुट्टीच्या वेळा सांगितल्यात आणि काम कठीण आहे हे मान्य केलेत. पाहुण्यांना कारखाना दाखवणाऱ्या व्यक्तीने असे मान्य करावे, याचा आमच्यावर फार परिणाम झाला.

कैकानला परतल्यावर इतर मंडळी गाड्यांत बसून छायाचित्रे काढत होती, तेव्हा आपण आम्हाला बाजूला घेऊन सांगितलेत, की खरे तर आप्पांनी नागोयातील टोयोटा उद्योग व तंत्रज्ञान संग्रहालय पाहायला हवे, कारण तिथे ते माग आहेत आणि ते चालतात. मी नागोयात राहून तिथे कधी गेले नव्हते. आपण साको स्थानकाचे नाव आणि तिथून चालण्याचा रस्ता कागदावर काढून दिलात, आणि आमच्यासमोरच तिथे दूरध्वनी करून सांगितलेत, की उद्या भारतातून एक विणकर येणार आहेत, त्यांना कमी ऐकू येते, तरी माग सावकाश दाखवावा. आपण 'विणकर' म्हणालात. निवृत्त कामगार म्हणाला नाहीत, पाहुणे म्हणाला नाहीत. हा शब्द मी आप्पांना भाषांतर करून सांगितला तेव्हा त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली.

संग्रहालय साकिचींनी 1911 साली उभारलेल्या विणकामाच्या कारखान्याच्या जागेवर आहे. जुन्या लाल विटांच्या भिंती तशाच ठेवल्या आहेत आणि दारातून आत शिरताच त्यांचा गोल माग दिसतो. आतल्या दालनात 'जी' प्रकारचा माग सुरू झाला आणि त्या खटखटीत आप्पा एकदम ताठ उभे राहिले. दाखवणाऱ्या गृहस्थांना आपला निरोप मिळालेला होता. त्यांनी एकेका उभ्या धाग्यावर अडकवलेली पातळ धातूची पट्टी बोटाने दाखवली, मग एक धागा मुद्दाम तोडला. धाग्याने तोलून धरलेली पट्टी टपकन खाली पडली आणि माग जागच्या जागी थांबला. आप्पांनी मला न विचारता त्या गृहस्थांकडे पाहून दोन बोटे एकमेकांवर फिरवली. त्यांना ती खूण कळली; ते बाजूला झाले. आप्पांनी वाकून तुटलेली दोन टोके शोधली, अंगठ्याच्या नखावर धरली आणि एका क्षणात विणकरी गाठ मारून धागा ओढून पाहिला. त्या गृहस्थांनी माग सुरू केला. गाठ फणीतून सुखरूप पार होऊन कापडात गेली. दोघांनी मान लववली. त्या दिवशी माझ्या भाषांतराचे तिथे काही काम नव्हते.

आता एवढ्या वर्षांनी हे लिहिण्यास एक निमित्त घडले. आमच्या चुलतभावाने गेल्या वर्षी साधे माग काढून बिनधोट्याचे माग बसवले, ज्यांत धागा तुटला की माग थांबतो आणि दिवा लागतो. नव्या कामगारांपैकी काही जण दिवा लागला की घाबरत आणि घाईघाईने माग पुन्हा सुरू करत. आप्पा रोज सकाळी तिथे जाऊन खुर्ची टाकून बसू लागले. दिवा लागला की ते उठून त्या मुलाजवळ जातात, काही बोलत नाहीत, त्याच्याबरोबर वाकून धागा शोधतात. आपल्या वहीतील ते अक्षर चुलतभावाने त्यांच्या सांगण्यावरून कारखान्याच्या दारावर रंगवून घेतले आहे. ते कोणाला वाचता येत नाही, पण दोन रेघा म्हणजे माणूस, एवढे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपण त्या दिवशी आपल्या नेमून दिलेल्या वेळेतून आम्हाला फार तर वीस मिनिटे जास्त दिली असतील. इतर पाहुण्यांनाही त्यामुळे थोडे थांबावे लागले. त्यांचेही मी या पत्रातून आभार मानते. आपल्या वरिष्ठांपर्यंत हे पत्र पोहोचले, तर त्यांनी ते आपल्या कामाची पावती म्हणून जपून ठेवावे अशी माझी नम्र विनंती आहे.

सोबत एक पंचा पाठवीत आहे. तो चुलतभावाकडे राहिलेल्या शेवटच्या साध्या मागावर आप्पांनी स्वतः उभे राहून विणला आहे. त्यात एके ठिकाणी बारीक गाठ हाताला लागेल. ती त्यांनी तशीच राहू दिली आहे. वापरण्यापूर्वी तो रात्रभर थंड पाण्यात भिजत घालावा, म्हणजे खळ निघून जाईल आणि कापड मऊ होईल, असे त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
इचलकरंजीच्या विणकराची मुलगी