टेकडीवरच्या भिंतीची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वसाहतीमागे उद्यान आहे आणि उद्यान संपते तिथून टेकडीचा चढ सुरू होतो. या चढावर बहुमजली गृहप्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव असून त्यावर सध्या नागरिकांच्या हरकती मागवल्या आहेत. आम्हा रहिवाशांचा प्रस्तावाला विरोध आहे. ‘खिडकीतून दिसणारी टेकडी झाकली जाईल म्हणून ही ओरड’, असे आम्हाला ऐकवले जाते. ती झाकली जाईल हे खरे, आणि त्याचे वाईटही वाटेल. पण तेवढ्यासाठी आपल्या वृत्तपत्राची जागा अडवली नसती.

प्रस्तावाचा नकाशा आम्ही काही जणांनी एकत्र बसून वाचला. पहिल्या इमारतीच्या जागेवरून जाणाऱ्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मोजल्या, त्या अकरा भरल्या. दोन रेषांमधला उंचीचा फरक एक मीटर आहे. म्हणजे इमारतीची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा किमान दहा मीटर, जवळपास तीन मजले, उंच जमिनीवर आहे. तिथे सपाट जोते हवे असेल तर मागचा उतार कापावा लागणार, निघालेली माती पुढे भराव म्हणून टाकावी लागणार आणि दोन्हीकडे संरक्षक भिंती बांधाव्या लागणार. उतार पायथ्याशी कापला की वरच्या मातीचा टेकू जातो आणि पुढच्या, खालच्या उताराच्या माथ्याकडे भराव घातला की त्याच्यावरचे ओझे वाढते. शिवाय नव्या भरावाला मूळ जमिनीचा घट्टपणा सहजासहजी येत नाही, आणि वरचा थर धरून ठेवणारी झाडांची मुळे तर खोदाईतच निघून गेलेली असतात.

खरा प्रश्न मात्र पाण्याचा आहे. मातीत पाणी साचले की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि म्हणूनच बहुतेक दरडी लागून राहिलेल्या पावसात कोसळतात. जे पाणी मातीत मुरत नाही, ते खाली धावते. एक हेक्टर छपरावर आणि फरशीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5 लाख लिटर पाणी होते. नकाशातील गटारांचे बाण उद्यानाच्या कुंपणापाशी थांबतात. पाणी तिथे थांबणार नाही, ते मुलांच्या खेळाच्या जागेतून आमच्या गल्लीत येईल.

यावर विकासकाचे उत्तर ठरलेले आहे : भिंत मजबूत असेल. बांधली त्या दिवशी ती मजबूत असेल, याबद्दल आमची शंका नाही. उद्यानाच्या पायऱ्यांशेजारी अशीच एक जुनी दगडी भिंत आहे. मागचे पाणी बाहेर पडावे म्हणून तिला ठेवलेल्या छिद्रांत काडी घातली तर ती चार बोटे आत जाते आणि ओल्या चिखलात रुतते. सांध्यांतून पिंपळ उगवला आहे. दोन टोकांना दोरी ताणून धरली तेव्हा मधला फुगवटा दोरीला पुढे ढकलत होता. या भिंतीची डागडुजी कोणी करायची, हे विचारायला आम्ही तीन कार्यालयांत गेलो. तिन्ही ठिकाणी ती ‘आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर मिळाले. घरे विकून विकासक निघून गेल्यावर नव्या भिंतींचेही हेच होईल.

क्वालालंपूरजवळ ‘हायलँड टॉवर्स’ या वसाहतीतील बारा मजली इमारत 11 डिसेंबर 1993 रोजी कोसळून 48 जण मृत्युमुखी पडले. इमारतीमागचा उतार पावसाने भिजला होता, वरच्या टेकडीवरची झाडी बांधकामासाठी काढली गेली होती, निचरा अपुरा होता आणि शेवटी संरक्षक भिंती ढासळल्या. हाँगकाँगमध्ये 18 जून 1972 या एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी कोसळून 138 बळी गेले. त्यानंतर 1977 मध्ये तिथे उतारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन झाले, आणि आज तिथल्या सुमारे 60 हजार मानवनिर्मित उतारांची नोंद असून प्रत्येकाला क्रमांक आहे व देखभाल कोणी करायची हेही निश्चित केलेले आहे. आमच्या जुन्या भिंतीला साधा क्रमांकही नाही.

लोकांना घरे हवीत, हे आम्हाला मान्य आहे. आमची स्वतःची घरेही कधीकाळी याच टेकडीचा पायथा सपाट करून झाली, हे आम्ही नाकारत नाही. पावसाळ्यात मागच्या खोलीची ओल कुठवर चढते हे आम्हाला ठाऊक आहे, ते त्यामुळेच. मात्र केवळ भूखंडापुरती माती तपासून या उताराबद्दल काही ठरवता येणार नाही. माथ्यापासून आमच्या गल्लीपर्यंतच्या संपूर्ण उताराची भूवैज्ञानिक तपासणी विकासकाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून, निदान एका पावसाळ्यातील भूजलाच्या नोंदींसह व्हावी. तिचा अहवाल सर्वांना वाचायला मिळावा. आणि तोपर्यंत हरकतींची मुदत वाढवावी. प्रत्येक भिंतीच्या देखभालीची जबाबदारी आणि तिचा खर्च कोणाकडे राहील, हे परवानगीच्या कागदावर लिहिलेले नसेल तर परवानगी देऊ नये. आमची लेखी हरकत याच मुद्द्यांवर दाखल केली आहे.

आपला विश्वासू,
उद्यानालगतच्या वसाहतीतील एक रहिवासी