पोटगी मिळाली, पण बागेतला वाटा?

मा. संपादक,

कोट्यवधींच्या पोटगीची बातमी छापून आली की आमच्याकडे एसटीत, दवाखान्यात एकच बोलणं ऐकू येतं, 'घटस्फोट म्हणजे बायकांना लॉटरी.' मी तासगाव तालुक्यातली, वय ४३. माझा घटस्फोट झाला आहे, म्हणून हे लिहिते.

मी नांदायला आले तेव्हा सासरी ज्वारी व्हायची. द्राक्षबाग माझ्यादेखत उभी राहिली. डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या रोपांवर कलमं भरली तेव्हा मी पोटुशी होते आणि गड्यांच्या भाकरी डोक्यावरून रानात न्यायचे. पुढं सतरा वर्षं एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, शेडवर रॅकला माल टाकणं, बेदाणा निवडणं. कामाला येणाऱ्या बायकांची हजेरी मी मांडायची. त्या वहीत माझं नाव एकदाही नाही.

कोर्टात नवऱ्यानं सांगितलं, शेत वडिलांच्या नावावर आहे, मला उत्पन्न नाही. सातबारा पाहिला तर ते खरंच दिसतं. पण सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात नवरा-बायको दोघांनीही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं असं ठरवून दिलंय आणि त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. वकीलबाईंनी हे सांगितलं त्या रात्री मी पत्र्याची पेटी उघडली. हजेरीची वही, अडत्याच्या दोन पट्ट्या म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, कोल्ड स्टोअरेजची पावती. पट्ट्या नवऱ्याच्या नावानं होत्या. त्या नसत्या तर मला आणि मुलीला मिळून महिना सात हजार मंजूर झाले, तेही झाले नसते.

मंजूर झाले म्हणजे हातात आले असं नाही. चार महिने आले, मग थांबले. वसुलीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. थकलेली रक्कम वर्षाच्या आत मागावी लागते, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही, हे कितीजणींना माहीत आहे? फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, ही अट तशीच आहे. तोवर घर चालवायला मी दुसऱ्यांच्या बागेत रोजानं विरळणीला जाते.

माझं खरं दुखणं पोटगीचं नाहीच. पोटगी म्हणजे पोटापुरतं. मी जे उभं केलं त्यातला वाटा कुठं आहे? हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं बोलतं. माझ्या बाबतीत ते एक कपाट आणि भांडी निघाली. लग्नानंतर दोघांच्या कष्टानं जे झालं त्याबद्दल त्यात अक्षर नाही. शेजारच्या गोव्यात मात्र वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेचा विचार करून बायकोला भरपाई देण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेनं मंजूरही केलं होतं. लोकसभेत ते मंजूर झालं नाही आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं.

ते विधेयक पुन्हा आणावं, आणि आणताना जमीन सासऱ्याच्या नावावर असली तरी तिथं सुनेनं केलेलं काम हिशेबात धरावं. आमच्या भागात बहुतेक तरुण शेतकऱ्यांची जमीन वडिलांच्याच नावावर असते. एवढी एक पळवाट ठेवली तर कायदा कागदावरच राहील. सांगली-साताऱ्याच्या खासदारांनी संसदेत हा विषय मांडावा.

आणि ज्या नांदतायत त्यांना एक सांगते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घर दोघांच्या नावावर लावता येतं. संसार चांगला चाललाय तेव्हाच लावून घ्या. वाद सुरू झाल्यावर सहीला कोणी येत नाही.

— एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली
(नाव संपादकांकडे)