तक्रार: गिऱ्हाईक आलं म्हणून बंद पाडलेली वेबसाइट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग
प्रत: तक्रार निवारण अधिकारी (यांचं नाव तुमच्या साइटवर शोधूनही सापडलं नाही)

विषय: ऐन आंबिया संत्र्याच्या हंगामात वेबसाइटचं अकाउंट सस्पेंड करणे, परत देताना जुना डेटाबेस टाकणे आणि वरून महागडा प्लॅन गळ्यात मारणे

महोदय,

तुमच्या सपोर्टशी माझं शेवटचं बोलणं आत्ताच संपलं. संपलं म्हणजे ‘आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये गुण द्या’ असं रेकॉर्डिंग वाजलं आणि मी एक दाबायच्या आत फोन कटला. म्हणून हे पत्र.

मी नागपुरात महाल भागात बसून छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट बनवतो आणि सांभाळतो. इतवारीतलं मसाल्याचं दुकान, एक कोचिंग क्लास, दोन मंगल कार्यालयं आणि काटोलकडचे एक बागायतदार, जे संत्र्याच्या पेट्या थेट घरपोच विकतात. सगळ्या साइट तुमच्या होस्टिंगवर, म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या भाड्याच्या जागेत. होस्टिंग कुठलं घेऊ, असं कोणी विचारलं की मी तुमचं नाव सांगायचो. स्वस्त म्हणून नव्हे, बिनघोर म्हणून.

झालं ते असं. नोव्हेंबरात आंबिया बहाराची तोडणी चालू होती. त्या शनिवारी पुण्यातल्या कुठल्याशा सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या साइटची लिंक फिरली आणि ऑर्डरी यायला लागल्या. सकाळी साइटवर ५०८ (वापराची मर्यादा संपल्याची एरर) दिसायला लागला. मी सीपॅनेलमध्ये (अकाउंट सांभाळायच्या पानावर) पाहिलं तर एन्ट्री प्रोसेस, म्हणजे एका वेळी चाललेल्या विनंत्यांचा आकडा, लाल. ठीक आहे, शेअर्ड होस्टिंग आहे, एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला, थोडं थांबू म्हटलं. दुपारी ५०८ गेला आणि त्याच्या जागी ‘अकाउंट सस्पेंडेड’ची पाटी आली. एका संत्र्यावाल्याच्या साइटपायी माझं अख्खं अकाउंट, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट आणि मेल, एका झटक्यात बंद.

सस्पेन्शनची सूचना तुम्ही मेलनं पाठवली होती म्हणे. कुठल्या मेलवर? सस्पेंड केलेल्या डोमेनवरच्याच. नोंदणीत माझा जीमेल आहे, बिलं त्यावरच येतात, रिन्यूअलची आठवण तर महिनाभर आधीपासून त्यावरच येते. फक्त ही एक सूचना तुम्ही स्वतःच कुलूप लावलेल्या पेटीत टाकली.

आता तुमच्या प्रतिनिधीशी झालेलं बोलणं मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण कॉल ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ होतात असं तुम्ही म्हणता, पण ते कोणी ऐकत असेल असं वाटत नाही.

“सर, साइट आमच्याकडून ओपन होते आहे.”
“काय दिसतंय?”
“पेज दिसतंय सर.”
“त्या पेजवर काय लिहिलंय, जरा वाचता का?”
मागे दुसऱ्या कोणाचा तरी कॉल ऐकू येत होता. मग: “सर, ‘धिस अकाउंट हॅज बीन सस्पेंडेड’.”
“मग?”
“पण पेज ओपन होतंय ना सर. म्हणजे सर्व्हर अप आहे.”

यावर मी काही बोललो नाही. ती माझी सहमती समजून त्यांनी मला कॅश क्लिअर करायला सांगितलं. मग इनकॉग्निटोमध्ये बघायला सांगितलं. मग राउटर बंद करून चालू करायला. मी विचारलं, “राउटर चालू-बंद केल्यावर तुमचं सस्पेन्शन उठतं का?” तर म्हणाले, “एकदा ट्राय करून बघा सर.” शेवटी कारण विचारलं. “सर, तुमच्याकडे ट्रॅफिक जास्त आलं, त्यामुळे सिस्टिमनं बंद केलं.” म्हणजे दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागली म्हणून घरमालकानं येऊन शटर पाडलं, आणि वर विचारतो, मोठा गाळा देऊ का! कारण पुढचंच वाक्य होतं, “बिझनेस प्लॅन घेतला तर लगेच चालू होईल सर.” तोपर्यंत ‘टेक्निकल टीम बघते आहे’ होतं. पैशाचं नाव निघालं तसं ‘लगेच’ झालं.

प्लॅनच्या पानावर ‘अनलिमिटेड’ असं ठसठशीत लिहिलंय. सीपीयूची मर्यादा, मेमरीची मर्यादा, आयनोडची (म्हणजे फायलींच्या संख्येची) मर्यादा हे सगळं ‘योग्य वापर धोरण’ नावाच्या वेगळ्या पानावर, तिसऱ्या लिंकच्या आत. तुम्हाला तुमचा माल माहीत आहे, मी समजावायची गरज नाही. मग तो विकताना आम्हाला का सांगत नाही?

इकडे बागायतदाराचा फोन. “भाऊ, काहून बंद हाय आपली साइट? पुण्याचा माणूस म्हणते, पैसे बुडवले काय तुम्ही?” माल तोडून, पेट्या भरून तयार. तोडलेला संत्रा तुमच्या तिकिटाच्या उत्तराची वाट पाहत नाही. शेवटी त्यांनी गाडी कळमन्याच्या बाजारात नेली आणि मिळेल त्या भावात माल दिला. २०१४ साली नागपुरी संत्र्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्यामुळे लोक लांबून नाव घेऊन मागवतात. ते नाव सांभाळायला या माणसाला किती वर्षं लागली आणि घालवायला तुम्हाला एक दुपार पुरली.

साइट सोमवारी संध्याकाळी चालू झाली. मी जास्तीचे पैसे भरल्यावर, अधिक १८ टक्के जीएसटी. आणि चालू झाली ती ऑगस्टच्या डेटाबेससह! नव्या प्लॅनवर हलवताना तुमच्या टीमनं जुनी कॉपी उचलली. शनिवारच्या ऑर्डरी त्यात नाहीत, पत्ते नाहीत, नवे भाव नाहीत. ‘रोजचा बॅकअप’ कुठे आहे विचारलं तर उत्तर आलं, तो ‘सौजन्य म्हणून’ असतो, जबाबदारी ग्राहकाची. माझ्याकडे माझी कॉपी शुक्रवार रात्रीची आहे, मी ती रोज वेगळ्या ठिकाणी उतरवतो, म्हणून निभावलं. पण शनिवारची सकाळ फक्त तुमच्याकडे होती. आणि तुमचा बॅकअप असतो कुठे? त्याच सर्व्हरवर. तुमच्या धंद्यात स्ट्रासबर्ग कोणाला माहीत नाही असं होणार नाही. १० मार्च २०२१ ला तिथलं ओव्हीएच या फ्रेंच होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं.

आता तुमच्या ९९.९ टक्के अपटाइमच्या (साइट चालू राहण्याच्या) हमीचं बघू. तीस दिवसांच्या महिन्यात ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं. मी शनिवार दुपार ते सोमवार संध्याकाळ बंद होतो. भरपाई मागितली तर उत्तर, सस्पेन्शन ‘डाउनटाइम’मध्ये धरत नाहीत. म्हणून तुमच्या स्टेटस पेजवर तो अख्खा शनिवार-रविवार हिरवागार. पेज ओपन होत होतं ना सर!

आणखी एक. प्लॅन घेताना सर्व्हर मुंबईत, असं कबूल केलं होतं. मागच्या ‘देखभाल-दुरुस्ती’त आयपी बदलला आणि तेव्हापासून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) अडीचशे मिलिसेकंदांच्या आसपास आहे. आम्ही झिरो माइलच्या गावातले लोक, अंतराच्या बाबतीत आम्हाला फसवणं कठीण. समृद्धी महामार्गानं मुंबई ७०१ किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. वळसे, राउटर सगळं धरलं तरी नागपूर-मुंबई जाणं-येणं वीस-तीस मिलिसेकंदांत व्हायला पाहिजे. अडीचशे म्हणजे माझा सर्व्हर समुद्रापार गेलाय. कुठे गेला तेवढं सांगा, भेटायला येणार नाही.

सूचना चुकीच्या मेलवर पाठवली हे वर लिहिलंय, तरी पुन्हा लिहितो. ती जीमेलवर आली असती तर शनिवारी दुपारीच मी ती साइट दुसरीकडे हलवली असती. सगळं नुकसान त्या एका मेलनं वाचलं असतं.

आता माझं म्हणणं. वाढीव प्लॅनचे पैसे जीएसटीसकट परत. उरलेल्या मुदतीचे पैसे हिशेबानं परत. शनिवारच्या सकाळचा डेटाबेस शोधून द्या. सस्पेंड केलेलं अकाउंट पुसलेलं नसतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. आणि सर्व डोमेनचं लॉक काढून ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागतो तो) द्या. त्यातल्या डॉट कॉमसाठी आयकॅन या डोमेन नावांच्या जागतिक संस्थेचा नियम पाच दिवसांचा आहे. ‘रिटेन्शन टीम तुमच्याशी बोलेल’ हे मला नको. कोणाशीही बोलायचं नाही, कोड पाठवा.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. नाही झालं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग माझ्या घरापासून लांब नाही. तुमच्या अटींत न्यायक्षेत्र म्हणून कुठलंही शहर लिहिलेलं असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो तिथेही तक्रार होते. ‘हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असं तुमचे वकील म्हणतील. पण मी स्वयंरोजगारानं पोट भरणारा माणूस आहे, आणि त्याबद्दल कायद्यात काय आहे तेही मी वाचून ठेवलंय. कॉलच्या तारखा, चॅटचे स्क्रीनशॉट, पिंगचे लॉग, सगळं एका फोल्डरमध्ये आहे.

खरं सांगायचं तर राग सस्पेन्शनचा तेवढा नाही. मशीन आहे, मर्यादा ओलांडली, बंद केलं. पण समोरच्या माणसाला ‘सस्पेंडेड’ वाचता येत असूनही त्यानं मला ते ‘ओपन’ आहे म्हणून सांगावं, हे कोणीतरी त्याला शिकवलं असणार. तो पोरगा पंचवीसचाही नसेल, त्याला काही करू नका. शिकवणाऱ्याला विचारा.

आपला, ऑथ कोड येईपर्यंतचा ग्राहक,
महाल, नागपूर

ता. क. ऑटो रिन्यूअलचं मॅन्डेट मी बँकेतून रद्द केलं आहे. त्यावर ‘आम्हाला तुमची आठवण येईल’ छापाचा, रडक्या चेहऱ्याचा मेल आणि चाळीस टक्के सूट कृपया पाठवू नये.