बहाई लोक पुनर्जन्म मानत नाहीत हो!

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मेल्यानंतर माणसाचं काय होतं यावर पानभर लेख आला होता, सगळ्या धर्मांना त्यात दोन-दोन ओळी वाटल्यात आणि बहाईंच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणातून निघालेल्या बहाई धर्माच्या लोकांच्या, वाट्याला काय आलं तर "पुनर्जन्म मानतात, स्वर्ग-नरक मानत नाहीत". एका वाक्यात दोन चुका. मी स्वतः बहाई नाही, आमच्याकडे अजून पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात, पण 32 वर्षं बँकेत कॅश सांभाळलीय, चुकीच्या खात्यात पडलेली एंट्री दिसली की मला चैन पडत नाही, म्हणून हे पत्र.

माझी माहिती सगळी शेजारधर्मातली. इथे पुण्यात आमच्या मजल्यावर एक इराणी बहाई आजी राहायच्या, वडील त्यांचे यझदहून मुंबईला आलेले, बाईंचं मराठी मात्र एकदम अस्सल, भाजीवाल्याशी घासाघीस करताना ऐकावं. दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही, पोटच्या मुलीला "तुम्ही कुणाकडे आलात" विचारायच्या. मी एकदा मुलीला म्हटलं बघवत नाही गं, तर ती पेज भरवता भरवता म्हणाली, काका आमच्यात मानतात की आजार शरीराला होतो, मेंदूला होतो, आत्म्याला लागत नाही, दिव्यावर काही झाकलं तर उजेड बाहेर पडत नाही पण दिवा आत जळतच असतो. पेज आजींच्या हनुवटीवर ओघळली होती, ती तिनं पदराने पुसली आणि पुढचा चमचा धरला.

आजींचे यजमान मुंबईला पुरलेले, म्हणून आम्हाला वाटलं त्यांनाही तिकडेच नेणार, आम्ही गाडीची चौकशीसुद्धा केली. पण नाही नेलं. मरण जिथे आलं त्या गावापासून तासाभराच्या वाटेपलीकडे देह न्यायचा नाही असा त्यांचा नियम आहे. (हा नियम ज्या किताब-ए-अकदस नावाच्या ग्रंथात आहे तो पहिल्यांदा छापला गेला तो आपल्या मुंबईत, 1890-91 च्या सुमारास, हे मला नंतर कळलं.) दहन नाही, दफन. सुती कापडात गुंडाळलं, बोटात एक अंगठी घातली, तिच्यावर कोरलेलं होतं त्याचा अर्थ साधारण असा की मी देवाकडून आले आणि सगळं सोडून त्याच्याकडेच परत चालले. सोसायटीतल्या बायका एकमेकींना विचारतायत गुरुजी कुठायत, तर गुरुजी मौलवी फादर असला प्रकारच त्यांच्या धर्मात नाही, नातीनं उभं राहून प्रार्थना म्हटली, बाकीचे सगळे गप्प उभे. एरवी रोजची सक्तीची प्रार्थना ज्यानं त्यानं एकट्यानं करायची, सामुदायिक अशी ही एकच, ती मेलेल्या माणसासाठी. त्यात सहा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ 19 वेळा म्हणायची, मी सवयीनं बोटांवर मोजत होतो, 114 झाल्या बरोबर, पोरीनं एकही सोडली नाही. शेवटची ओळ आम्ही सगळे देवाच्या ठायी धीर धरून आहोत अशा अर्थाची. एप्रिलचं ऊन होतं, कुणी हललं नाही.

परत येताना आमच्यातले एकजण म्हणाले, चांगलंय की, नरकच नाही म्हटल्यावर धाक कसला. तुमच्या लेखकालाही हेच वाटलेलं दिसतंय.

तर नरक आहे. कढई, उकळतं तेल, यमदूत हे नाही, आणि वर अप्सरा पण नाहीत, म्हणजे ती कुठली जागा नाही एवढंच. देवाच्या जवळ असणं हा स्वर्ग, त्याच्यापासून लांब पडणं हा नरक, आणि हे मेल्यावरच सुरू होतं असंही नाही, चालताबोलता माणूस आत्ता नरकात असू शकतो. अब्दुल-बहा म्हणजे धर्मसंस्थापक बहाउल्लाह यांचे चिरंजीव, 1921 साली हैफात वारले, त्यांनी दगडाचं उदाहरण दिलंय. दगडालाही अस्तित्व आहे पण माणसाच्या जगण्यापुढे ते नसल्यासारखंच, तसा देवापासून तुटलेला आत्मा नाहीसा होत नाही, उरतो, पण मेल्यासारखा. खरं सांगू, मला कढईपेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

आता पुनर्जन्म. त्यांचं म्हणणं, आत्म्याची सुरुवात गर्भ राहतो तेव्हाच होते, त्याआधी तुम्ही कोणी राजा नव्हतात आणि पुढे मांजर होणार नाही. मुलीनं मला जे समजावलं ते असं की पोटातल्या बाळाला हात पाय डोळे फुटतात पण तिथे त्याला त्यांचा काही उपयोग नसतो, अंधारात डोळे कशाला हवेत, ते सगळं बाहेरच्या जगासाठी असतं. तसं इथे खरेपणा, माया, न्यायबुद्धी हे जे काही कमवायचं ते पुढच्या जगातले हातपाय, नाही कमावलं तर तिथे पांगळे जाणार. आणि बाहेर आलेलं बाळ परत पोटात जातं का हो? माझ्या मते तर चौऱ्याऐंशी लाख योनींचा विषय इथेच संपतो. ते पुढचं जग कसं आहे ते मात्र शब्दात सांगताच येत नाही असं खुद्द बहाउल्लाहच म्हणून गेलेत, त्यामुळे नकाशा मागू नका.

पांगळा गेलेला कायमचा पांगळा असंही नाही. देवाची दया, मागे राहिलेल्यांच्या प्रार्थना, त्याच्या नावानं केलेला दानधर्म, यानं आत्मा पुढे सरकत राहतो असं ते मानतात. आमची ही म्हणाली मग श्राद्धच की हे. थोडंफार खरंय तिचं, फक्त तेरावं नाही आणि कावळा शिवायची भानगड नाही.

राहिला धाक. बहाउल्लाहांचं एक वचन आहे, शेवटचा हिशेब मागायला बोलावणं येण्याआधी रोजच्या रोज आपला हिशेब आपणच तपासत जा. कॅशियरला हे वेगळं समजवायला नको, संध्याकाळी कॅश टॅली केल्याशिवाय आम्ही घरी गेलो नाही कधी. वर्षाच्या शेवटी ऑडिटर येणार हा धाक निराळा आणि रोजचा रोजमेळ निराळा, रोजमेळाचा त्रास जास्त, करून बघा.

आणि एक. शरीर म्हणजे पिंजरा आणि आत्मा म्हणजे पक्षी, पिंजरा मोडला तरी पक्ष्याचं काही जात नाही असं मानणारी ही माणसं, तरी मेलेल्या देहाला फार जपतात, कारण कधीकाळी आत्मा त्यात राहिला होता. म्हणूनच 2014 साली इराणमध्ये शिराझला त्यांची जुनी दफनभूमी, साडेनऊशेच्या आसपास कबरींची, रिव्होल्युशनरी गार्ड या तिथल्या लष्करी दलाच्या लोकांनी खोदून काढली तेव्हा जगभरचे बहाई कळवळले. 1983 मध्ये धर्म सोडला नाही म्हणून फाशी दिलेल्या दहा बायका त्यातच पुरलेल्या, सगळ्यात लहान मुलगी 17 वर्षांची. आजींकडे या दहाजणींचे फोटो भिंतीवर होते, विचारलं तर त्या फक्त नावं सांगायच्या, पुढे बोलायच्या नाहीत.

तर पुढच्या रविवारी छोटी चौकट टाकून दुरुस्ती छापावी ही विनंती. जाता जाता तेवढी फोटोखालची ओळही बघा, दिल्लीच्या 1986 च्या कमळ मंदिराला तुम्ही 9 पाकळ्या लिहिल्यात. 9 बाजू आहेत, पाकळ्या 27.

आपला,
एक निवृत्त कॅशियर, पुणे