प्रत्येक आग शॉर्टसर्किटचीच नसते

मा. संपादक, सा. न. वि. वि.

दुकानाला आग लागल्याची बातमी आली की शेवटची ओळ ठरलेली असते, आग शॉर्टसर्किटमुळे लागली असावी असा अंदाज आहे. मी इंदूरला महारानी रोडच्या बाजूला टीव्ही, मायक्रोवेव्ह आणि आता जास्त करून मोबाईल दुरुस्त करतो, पंचवीसेक वर्षं झाली. ही ओळ वाचली की मला खरंच त्रास होतो, कारण शॉर्टसर्किट म्हटलं की वायरिंगवर ढकलून सगळे मोकळे होतात, टेबलावर काय चाललं होतं ते कुणी विचारतच नाही.

माझ्याच दुकानात काय झालं ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका मोबाईलची बॅटरी फुगून स्क्रीन वर आली होती. माझ्याकडे शिकणारा पोरगा ती काढत होता, गोंद सुटेना म्हणून त्यानं स्टीलचा चिमटा खाली घालून उचकटलं. आधी फुस्स असा आवाज आला, मग गोडसर उग्र वास, पांढरा धूर, आणि मी ‘सोड, सोड’ म्हणेपर्यंत जाळ. घाबरून त्यानं ती फेकली ती नेमकी आयपीएच्या, म्हणजे बोर्ड पुसायच्या अल्कोहोलच्या, उघड्या बाटलीशेजारी, जिथं पुसायचा कापूस पडलेला. कापूस पेटला, मग टेबलावरचं रेक्झिन. मी आधी मेन स्विच पाडला, बाटली लाथेनं बाजूला सारली आणि बॅटरी पकडीत धरून बाहेर बांधकामाच्या वाळूत नेऊन टाकली. विझली असं वाटलं आणि दोन मिनिटांनी तिथंच परत भडकली. पोराचा तळवा भाजला होता, शेजारचे लगेच टूथपेस्ट घेऊन आले, मी लावू दिली नाही, वीस मिनिटं त्याचा हात नळाखाली धरून ठेवला आणि मग डॉक्टरकडे नेला. चूक त्या पोराची नव्हती, माझी होती. फुगलेल्या बॅटरीला लोखंड लावायचं नाही हे मी त्याला कधी बसवून सांगितलंच नव्हतं.

या बॅटरीत आत दोन थरांच्या मध्ये एक अगदी पातळ पडदा असतो, तो फाटला की थर आतल्या आत भिडतात, बॅटरी तापते, गॅस धरते आणि त्या उष्णतेनं स्वतःच ऑक्सिजनही सोडायला लागते. म्हणून वरून गोणपाट टाकून ती विझत नाही, पावडरचा सिलिंडर मारला तर जाळ बसतो पण आतली उष्णता तशीच राहते आणि ती पुन्हा पेटते. वीज बंद करून भरपूर पाणी ओतत राहिलं तर ती थंड होते. आणि काढायच्या आधी चार्ज पाव भागाच्या खाली उतरवला आणि प्लास्टिकच्या पट्टीनं हळू सोडवली तर धोका बराच कमी होतो, पण गिऱ्हाईक समोर उभं असलं की एवढा धीर कोण धरतो!

आयपीएचंही तेच. तिची वाफ १२ डिग्रीच्या आसपासच ठिणगीनं पेट घ्यायला तयार असते, म्हणजे इंदूरला थंडीतल्या काही रात्री सोडल्या तर बारा महिने, आणि आम्ही तिच्या शेजारी साडेतीनशे डिग्रीची हवा सोडणारं हॉट एअर मशीन चालवतो. कित्येक जण तर स्वस्त पडतं म्हणून बोर्ड पेट्रोलनं धुतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मायक्रोवेव्हचा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्ट धरून बसू शकतो, पण त्याची निदान सगळ्यांना भीती असते, बॅटरीची कुणालाच नाही.

माझं खरं गाऱ्हाणं आहे ते काउंटरखालच्या डब्याबद्दल. आमच्या लाइनीतलं कुठलंही दुकान उघडून बघा, काढलेल्या बॅटऱ्या एकावर एक टाकलेल्या, टर्मिनलला टेप नाही, वर स्क्रू आणि तारांचे तुकडे. रात्री शटर पडतं तेव्हा तो डबा आतच असतो. अटाल्यावाला, म्हणजे भंगारवाला, महिन्यातून एकदा येतो, तोही गोणीत कोंबून नेतो. २०२२ साली बॅटरी कचऱ्याचे नियम आले, जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, पण मला तरी आजपर्यंत दुकानात येऊन कुणी विचारलं नाही. कचरा सहा प्रकारांत वेगळा करणारं हे शहर आहे, घरोघरी बायका ते रोज करतात, मग बाजारात दर आठवड्याला फक्त बॅटऱ्यांसाठी एक फेरी लावणं नगर निगमला जड आहे का? तुम्ही हा प्रश्न छापून विचारावा आणि पुढच्या वेळी कुठल्या दुकानाला आग लागली तर तुमच्या वार्ताहरानं मालकाला एवढं जरूर विचारावं की काढलेल्या बॅटऱ्या कुठं ठेवल्या होत्या.

मी आता दाराशी वाळूची लोखंडी बादली ठेवलीय. आज तिच्यात फुगलेल्या तीन आहेत, टेप लावून, आणि त्या कुणाकडे द्यायच्या ते मला अजून कळलेलं नाही.

आपला,
एक मोबाईल-टीव्ही मेकॅनिक,
रामबाग, इंदूर