पाला आणला, भाजी विसरलो

नौपाडा, ठाणे
14 सप्टेंबर 2024

प्रिय दिन्या,

परवा फोनवर "देठांचं कसलं आलंय पुराण!" म्हणालास आणि तेवढ्यात तुझ्या कुकरनं शिट्टी दिली. म्हणून हे पत्र. तसंही फोनवर सांगितलेली कृती तेल तापेपर्यंतसुद्धा तुझ्या डोक्यात राहत नाही.

झालं असं, गणपतीच्या आठवडाभर आधी ही जिन्यात घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर. पण ऋषिपंचमीची भाजी चुकवायची नाही! मग हिनं स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली आणि ओट्याशी मी.

शुक्रवारी संध्याकाळी जांभळी नाक्याला गेलो. दूर्वा, फुलं, केळीची पानं, माणसं. पाय ठेवायला जागा नाही. लाल माठाच्या जुड्या कमरेएवढ्या उंच, देठं अंगठ्याएवढी जाड. भाजीवालीनं विचारलं, "पाला काढून देऊ?" मी म्हटलं, द्या, आणि ही दांडकी ठेवा तुमच्याकडेच. घरी येऊन पिशवी उघडली. ही बघतच राहिली. "अहो, भाजी तिथंच ठेवून पाला घेऊन आलात होय!" गेलो परत. माझी दांडकी तिनं बाजूला ठेवली होती. हसत होती नुसती. पैसे मागितले नाहीत, हे विशेष.

आता सोलणं. देठाचं बोटभर लांब टोक मोडायचं, पण पूर्ण तोडायचं नाही. तसंच खाली ओढायचं, की शेवग्याच्या शेंगेसारखा दोर सरसर निघतो. जिथं दोर तुटेल तिथून पुन्हा. चार देठांत बोटं गुलाबी होतात. बुंध्याचा भाग जून असेल तर खुशाल टाक, तिथं काटकसर नको.

ऋषीच्या भाजीत देठांबरोबर अळू, सुरण, पडवळ, भेंडी, मक्याचे तुकडे आणि मे महिन्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. आमच्याकडे फोडणी नाही, मसाला नाही. मिरची, चिंच, मीठ, वरून ओलं खोबरं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणतात. ट्रकच्या कष्टाचं चालतं वाटतं.

एरवीच्या दिवशी मात्र मला माठाची देठं वालांबरोबर आवडतात. कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून घे, की झाल्या डाळिंब्या. त्याला दोन दिवस लागतात, आधीच सांगतो. तेलात मोहरी, हिंग, हळद. त्यावर डाळिंब्या आणि देठं, झाकणावर पाणी ठेवून शिजव. देठं मऊ झाली की आमसुलं, गूळ, खोबरं. आमसुलं आधी टाकलीस तर डाळिंब्या शिजायला तुझी रात्र होईल. खाताना देठ दातांखाली दाबून रस ओढायचा, चोथा ताटाच्या कडेला. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, पण तू पाहुणा नाहीस.

अळूच्या देठांनी मात्र मला धडा शिकवला. शौर्य दाखवत ओल्या हातांनीच सोलायला बसलो. दहा मिनिटांत मनगटापर्यंत खाज! त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, ते कातडीत टोचतात. "हाताला तेल लावलंत का?" हा प्रश्न हिनं खाज सुटल्यावर विचारला. मग चिंच चोळत बसलो. तेव्हा तू हात कोरडे ठेव, तेल लाव, आणि देठं चिंच घालून अगदी गाळ होईपर्यंत शिजव. अर्धवट शिजली तर घसा धरतो. मग पाणी पिळून घोट, गार झाल्यावर दही, मीठ, किंचित साखर, वरून तूप-जिरं-मिरचीची फोडणी. हीच देठी. गरम भाताबरोबर खा आणि मला फोन कर.

पालकाची देठं बारीक चिरून आमटीत, कोथिंबिरीची वाटणात. कोथिंबिरीच्या देठांना पानांपेक्षा जास्त वास असतो. मेथीची जाड देठं मात्र टाक. कडू नि चिवट, माझं त्यांच्याशी जमलं नाही.

हिचं प्लास्टर नवरात्रात सुटेल. त्याआधी आलास तर माझ्या हातचं मिळेल, नंतर आलास तर चांगलं मिळेल. येताना नाशिकहून चिवडा आण.

तुझा,
बंड्या